पेशींनीं केव्हां थांबावें ?

(नभोवाणीवरील भाषण)

भाजी चिरतांना विळीचें पातें बोटाला लागावें, ही गोष्ट कोणत्याहि घराला नवी नाहीं. थोडें रक्त येतें, हळद किंवा एखादें मलम लावून चिंधी गुंडाळली जाते, आणि कामाच्या गर्दींत त्या जखमेचा आपल्याला विसरहि पडतो. आठ-दहा दिवसांनीं चिंधी सोडून पाहावें, तों तेथें नवी त्वचा आलेली असते. या प्रकारांत नवल कशाचें, असें कोणीं विचारलें, तर जखम भरून आली याचेंच नवल, असें बहुतेक जण सांगतील. मला मात्र त्याहून मोठें नवल दुसऱ्याच एका गोष्टीचें वाटतें. जखमेच्या दोन्ही कांठांवरील पेशी पुढें सरकल्या, एकीच्या दोन आणि दोहोंच्या चार झाल्या, मध्यें एकमेकींना भेटल्या, आणि थांबल्या. बोटावर मांसाचा डोंगर उभा राहिला नाहीं, कीं खळगा उरला नाहीं. पुरे झालें, आतां थांबा, हें त्यांना कोणीं सांगितलें ?

आज आपल्याशीं जें बोलावयाचें आहे तें याच प्रश्नाविषयीं. पेशी कशी विभागते हें थोडें सांगेन. परंतु ती केव्हां थांबते, आणि थांबण्याची विद्या ती विसरली म्हणजे काय होतें, हें थोडें अधिक विस्तारानें सांगेन.

शाळेच्या पुस्तकांत आपण वाचलेलें असतें कीं, घर जसें विटांचें तसें शरीर पेशींचें. ही उपमा सोयीची आहे, पण अर्धीच खरी आहे. भिंतींतील वीट एकदां बसली म्हणजे घर पडेपर्यंत तीच तेथें राहते. शरीराची तऱ्हा निराळी. प्रौढ माणसाच्या शरीरांत ढोबळ मानानें तीस ते चाळीस लक्ष कोटि पेशी असतात, आणि पुष्कळ ठिकाणचें बांधकाम सारखें चालू असतें. आंतड्याचें अस्तर तीन ते पांच दिवसांत नवें होतें. त्वचेचा वरचा थर महिना-दीड महिन्यांत पालटतो. हाडांच्या पोकळींतील मगजांत दर सेकंदाला वीस लक्षांच्या आसपास तांबड्या रक्तपेशी तयार होतात. म्हणजे मीं हें वाक्य पुरें करीपर्यंत तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या शरीरांत एक कोटीहून अधिक नव्या रक्तपेशी कामावर रुजू झाल्या असतील. याच्या उलट मेंदूंतील बहुतेक पेशी जन्माच्या सुमारास तयार झालेल्या असतात, आणि पुढें जन्मभर त्या विभागत नाहींत. यकृताचें वागणें या दोहोंच्या मधलें आहे. तेथील पेशी एरवीं जवळजवळ निवांत असतात. पण शस्त्रक्रियेंत यकृताचा दोनतृतीयांश भाग काढून टाकावा लागला, तर उरलेल्या पेशी जाग्या होतात, विभागूं लागतात, आणि यकृत मूळच्या वजनाजवळ आलें कीं पुन्हां निवांत होतात. एकाच शरीराच्या पेशी, एकाच बीजापासून झालेल्या. पण कोणीं किती वेळां विभागावें आणि कोठें थांबावें, याचा जणूं एक अलिखित करार त्यांच्यामध्यें झालेला असतो. आपलें आरोग्य म्हणजे बव्हंशीं या कराराचें पालन होय.

ही विभागणी माणसाला नीट दिसली, त्याला फार काळ लोटलेला नाहीं. खडीसाखरेचे खडे जसे पाकांतून बनतात, तशा पेशी शरीरांतील द्रवांतून आपोआप बनतात, असें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोठमोठे विद्वान् मानीत असत. रेमाक या संशोधकानें याला हरकत घेतली, आणि १८५५ सालीं रुडोल्फ विर्खो या जर्मन वैद्यानें ठासून सांगितलें कीं, प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते. परंतु सांगणें वेगळें आणि दाखविणें वेगळें. पेशी पाण्यासारखी पारदर्शक; तिच्या पोटांत काय चाललें आहे तें दिसावें कसें ? हें काम कापड रंगविणाऱ्या नव्या कृत्रिम रंगांनीं सोपें केलें. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन संशोधकानें सॅलॅमँडर नांवाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याचीं पिल्लें घेतलीं, त्यांच्या मोठ्या मोठ्या पेशी या रंगांत बुडविल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. पेशीच्या मध्यभागीं कांहीं धागे गडद रंगले होते. कोठें ते गुंत्यासारखे दिसत होते, कोठें आखूड व जाड झालेले, तर कोठें दोन टोळ्या करून दोन दिशांना निघालेले. फ्लेमिंगनें हीं चित्रें क्रमानें लावलीं आणि १८८२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. ग्रीक भाषेंतील सूत या अर्थाच्या शब्दावरून त्यानें या क्रियेला ‘मायटोसिस’ हें नांव दिलें. त्या धाग्यांना आपण गुणसूत्रें म्हणतों.

माणसाच्या पेशींत अशीं ४६ गुणसूत्रें असतात. २३ आईकडून आलेलीं आणि २३ वडिलांकडून. हा साधा आंकडासुद्धां १९५६ सालीं निश्चित झाला. त्याच्या आधीं तीसेक वर्षें सारे जग ४८ हा आंकडा खरा मानून चाललें होतें ! एका पेशींतील हे सर्व धागे उलगडून टोकाला टोक जोडलें, तर लांबी सुमारें दोन मीटर भरते. आणि हें सूत ज्या केंद्रकांत मावतें, तें मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढें, किंवा त्याहूनहि लहान. या सुतावर डीएनएच्या भाषेंत सहा अब्जांहून अधिक अक्षरें लिहिलेलीं आहेत. तेंच पेशीचें दप्तर.

आतां विभागणी म्हटली म्हणजे आपल्याला भाऊबंदांची वांटणी आठवते. पण पेशीची रीत त्या वांटणीसारखी नाहीं. भावाभावांत जमीन वांटली म्हणजे प्रत्येकाच्या हातीं अर्धी येते. पेशीच्या दोन्ही लेकींना मात्र दप्तर संपूर्ण मिळावें लागतें. म्हणून वांटणीच्या आधीं सगळ्या दप्तराची अक्षरशः नक्कल होते. या कामाला सात-आठ तास लागतात. मग मूळ आणि नक्कल हीं दोन्ही कंबरेशीं बांधलेलीं राहून आखडतात, कारण लांब सूत ओढलें तर गुंता होईल किंवा तें तुटेल. पेशीच्या दोन टोकांपासून बारीक दोरे निघतात आणि त्यांची एक आकृति बनते. चरख्याची चाती जशी मध्यें फुगीर आणि टोकांना निमुळती, तशीच ही. दोन्ही टोकांकडचे दोरे प्रत्येक जोडीला दोन बाजूंनीं धरतात, सर्व जोड्या मध्यावर एका ओळींत उभ्या राहतात, आणि मग एका क्षणीं बंधनें तुटून मूळ एकीकडे व नक्कल दुसरीकडे ओढली जाते. पेशीला मध्यें कंबर पडते, ती आवळत जाते, आणि एकीच्या दोन होतात. हा शेवटचा खेळ सुमारें तासाभराचा असतो.

बंधनें तुटण्याचा हा क्षण मोठा नाजूक. ४६ जोड्यांच्या ९२ बाजूंपैकीं एक जरी बाजू दोऱ्याला लागलेली नसली, तरी पेशी खोळंबून राहते. गार्डानें हिरवें निशाण दाखविल्यावांचून आगगाडी हलूं नये, तसा हा प्रकार आहे. आणि येथील गार्ड एका उतारूसाठीं सगळी गाडी थांबवून धरणारा आहे. ही शेवटची चौकी झाली. तिच्या आधीं आणखीहि चौक्या असतात. नक्कल सुरू करण्यापूर्वीं पेशी पाहते : आपण पुरेशा मोठ्या झालों काय, अन्न आहे काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वाढण्याचा निरोप आला आहे काय, सूत कोठें तुटलेलें नाहीं ना ? नक्कल झाल्यावर पाहते : काम पुरें झालें ना, चुका दुरुस्त झाल्या ना ? तुटलेलें सूत दिसलें तर ती थांबते आणि सांधते. सांधणें अशक्य असेल, तर ती आपलें आयुष्य स्वतःच शांतपणें संपविते. जुन्या काळीं थोर पुरुष प्रायोपवेशन करीत, त्याचीच ही आठवण व्हावी.

या चौक्यांचा शोध कोठें लागला म्हणाल, तर पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्यें आणि समुद्रांतील काटेरी साळूंसारख्या प्राण्यांच्या अंड्यांमध्यें. हार्टवेल, नर्स आणि हंट या तिघांना त्याबद्दल २००१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील नर्स यांच्या प्रयोगशाळेंतून १९८७ सालीं प्रसिद्ध झालेली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विभागणीची आज्ञा देणारें जनुक बिघडलेल्या यीस्टमध्यें त्यांनीं माणसाचें तेंच जनुक घातलें, आणि तें यीस्ट पुन्हां सुरळीत विभागूं लागलें. म्हणजे पावांतील यीस्ट आणि पाव खाणारा माणूस, यांच्या विभागणीचा कायदा एकच आहे, आणि तो अब्जावधि वर्षांचा जुना आहे.

कायदा जुना असला आणि पहारेकरी दक्ष असले, तरी चूक होतेच. दुरुस्त्या होऊन शेवटीं एक अब्ज अक्षरांमागें एखादी चूक उरते, आणि लक्ष कोटींच्या हिशेबांत हें प्रमाणहि अगदींच नगण्य नव्हे. कधीं चूक अक्षराची असते, तर कधीं अख्ख्या गुणसूत्राची. गुणसूत्र चुकीच्या बाजूला गेल्यास काय होतें, तें थिओडोर बोव्हेरी यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच दाखविलें. एकाच अंड्यांत दोन शुक्रबीजें शिरलीं म्हणजे सूत ओढणारीं टोकें दोनाऐवजीं तीन किंवा चार होतात, आणि गुणसूत्रांची वांटणी वेडीवांकडी होते. असे गर्भ बहुधा मरत. आणि त्यांच्या निरनिराळ्या भागांचें बिघडणें निरनिराळें असे. त्यावरून बोव्हेरीनें जाणलें कीं, गुणसूत्रें नुसतीं संख्येनें पुरेशीं असून भागत नाहीं, प्रत्येकाचें एकेक प्रत हजर असावें लागतें. पुढें १९१४ सालीं त्यानें एक पुस्तक लिहून तर्क मांडला कीं, शरीरांतील दुष्ट गांठी याच प्रकारच्या बिघाडांतून उद्भवत असाव्यात. दुसऱ्याच वर्षीं तो वारला. त्याचें म्हणणें किती खोल होतें, हें पटावयास जगाला अर्धें शतक लागलें.

अशीच एक चूक आपल्यापैकीं कित्येकांच्या परिचयाच्या घरांत पाहावयास मिळते. जिच्यामुळें मुलाची वाढ व बुद्धि मंद असते, परंतु स्वभाव बहुधा प्रेमळ असतो, त्या अवस्थेला डाउन या इंग्रज वैद्याचें नांव आहे. त्यानें तिचें वर्णन १८६६ सालीं केलें. तिचें कारण १९५९ सालीं पॅरिस येथें लज्युन, गोतिए आणि तुर्पें यांनीं प्रसिद्ध केलें : या मुलांच्या पेशींत एकविसावें गुणसूत्र दोनाऐवजीं तीन असतें. ही चूक बहुधा आईच्या अंड्यांत घडते, आणि तीहि मोठ्या विलक्षण रीतीनें. मुलगी स्वतः आपल्या आईच्या पोटांत असतांनाच तिच्या अंड्यांची ही विशेष विभागणी सुरू होते, आणि मध्येंच थांबून राहते. तीस-पस्तीस वर्षांनंतर एखादें अंडें पिकतें, तेव्हां ती विभागणी पुढें चालते. इतका काळ जोडी धरून बसलेल्या बंधनांची पकड कधीं कधीं सैल होते. म्हणूनच आईचें वय वाढतें तसा हा संभवहि वाढतो. श्रोतेहो, माझ्या ओळखीच्या घरांत अशा मुलाच्या आईला वर्षानुवर्षें ऐकावें लागलें कीं, ग्रहणांत तूं कांहीं चिरलेंस, डोहाळ्यांत कांहीं भलतें खाल्लेंस. विज्ञानाचा निर्वाळा स्पष्ट आहे. तिच्या हातून कांहीं घडलेलें नाहीं. जी विभागणी तिच्या जन्माआधीं सुरू झाली, तिचा दोष तिच्या कपाळीं मारणें हा निव्वळ अन्याय आहे.

आतां ज्या रोगाचें नांव घेतांना आपण आवाज खालीं आणतों, त्याच्याकडे वळूं. कर्करोग हा बाहेरून आलेल्या शत्रूचा हल्ला नव्हे. तो आपल्याच पेशींनीं मोडलेला करार आहे. १९७६ सालीं बिशप व व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेंतून असें दिसून आलें कीं, कोंबड्यांमध्यें गांठी उत्पन्न करणाऱ्या विषाणूंत जें जनुक आहे, त्याचें मूळ निरोगी पेशींतच असतें. म्हणजे वेग वाढविणारी कळ प्रत्येक पेशींत आहेच, आणि ती असावयासहि हवी. ती दाबलेलीच राहिली म्हणजे अनर्थ होतो. उलट पक्षीं वेग रोखणारे पहारेकरीहि आहेत. त्यांतील पी-५३ नांवाचें प्रथिन १९७९ सालीं सांपडलें. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत तें बिघडलेलें आढळतें. शिवाय साध्या पेशीला आयुष्याची मर्यादा असते. कांचेच्या बशींत वाढविलेल्या माणसाच्या पेशी पन्नासेक वेळां विभागून थांबतात, हें हेफ्लिक यानें १९६१ सालीं दाखविलें. दरेक विभागणीबरोबर गुणसूत्रांचीं टोकें झिजतात, म्हणून असें होतें. कर्कपेशी हीं टोकें पुन्हां पुन्हां भरून काढावयास शिकते. कळ अडकणें, ब्रेक तुटणें, मर्यादा उठणें, अशा अनेक चुका एकाच पेशीच्या वंशांत सांचाव्या लागतात. त्यासाठीं वर्षें लागतात. आणि म्हणूनच हा रोग बहुधा उतारवयांत गांठतो.

या न थांबणाऱ्या वाढीचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९५१ सालच्या आरंभीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं हेन्रिएटा लॅक्स ही तीस वर्षांची तरुण आई गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानें आजारी होती. तिच्या गांठीचा एक लहानसा तुकडा, तिला न विचारतां, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत गेला. इतर रोग्यांच्या पेशी तेथें कांहीं दिवसांत मरत; हिच्या पेशी मात्र दिवसाकाठीं दुप्पट होऊं लागल्या. ती बाई त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला वारली. तिच्या पेशी आजतागायत जिवंत आहेत. पोलिओच्या लसीची परीक्षा त्यांच्यावर झाली, आणि जगांतील हजारों प्रयोगशाळांत त्या वाढत आहेत. तिच्या घरच्यांना मात्र वीसेक वर्षें याची दाद नव्हती. या पेशींत ४६ गुणसूत्रें नाहींत, सत्तर-ऐशीं आहेत. बिघाड झाला कसा, तेंहि पुढें उलगडलें. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनीं १९८३-८४ च्या सुमारास दाखविलें कीं, या रोगामागें पॅपिलोमा नांवाचा एक विषाणू आहे, आणि लॅक्सबाईंच्या पेशींतहि तो दडलेला आहे. त्याचें एक प्रथिन पी-५३ चा नाश करतें, आणि दुसरें पहिल्या चौकीच्या पहारेकऱ्याला निकामी करतें. चोरानें आधीं कुत्र्याला विष घालावें आणि मग कुलूप फोडावें, तसें हें.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेंत पेशी वाढविण्याची विद्या शिकावयास आपल्याकडील एक विदुषी गेल्या होत्या, हें अनेकांना ठाऊक नसेल. १९१७ सालीं पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईस डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखालीं संशोधन केलें होतें. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, त्याचे खानोलकर हे पहिले संचालक. अमेरिकेहून परतल्यावर रणदिवेबाईंनीं त्या केंद्रांत पेशी व ऊति शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशांतील ती पहिली मानतात. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशीं काय संबंध आहे, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता.

स्तनाच्या कर्करोगाचें नांव निघालें, म्हणून एक घरची गोष्ट सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझी एक मावशी आमच्याच घरीं राहत असे. दिवाळीच्या सुमारास तिच्या हाताला एक गांठ लागली, सुपारीएवढी. तिनें ती कोणालाहि सांगितली नाहीं. वैशाखांत धाकट्या मुलीचें लग्न होतें. सोयरीक मोडेल, अशी तिला धास्ती. त्याच महिन्यांत मी वर्गांत फळ्यावर पेशींच्या विभागणीच्या आकृति काढीत होतों, आणि संध्याकाळीं घरीं येऊन तिच्या हातचा चहा घेत होतों. लग्न थाटानें झालें. त्यानंतर तिनें बहिणीला सांगितलें, तेव्हां काखेंतहि गांठी आल्या होत्या. "दुखत नव्हतें रे, म्हणून म्हटलें, कशाला उगीच बोभाटा," एवढेंच ती मला म्हणाली. पुढच्या वैशाखापर्यंत ती राहिली नाहीं.

दुखत नव्हतें, हेंच या रोगाचें कपट आहे. आणि त्याचा हिशेब मीं तेव्हां घरांत सांगावयास हवा होता. बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे दुप्पट दुप्पट मांडीत जाण्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. एक पेशी तीस वेळां दुप्पट झाली, म्हणजे त्यांची संख्या शंभर कोटीहून अधिक होते, आणि त्यांची गांठ होते जेमतेम एक सेंटिमीटरची, मोठ्या वाटाण्याएवढी. येथपर्यंतचा सारा प्रवास बहुधा गुपचूप होतो, आणि त्याला वर्षें लागलेलीं असतात, कारण वाटेंत पुष्कळ पेशी मरतहि असतात. पण तेथून पुढें केवळ दहा दुपटी झाल्या, तर वजन ग्रॅमचें किलोग्रॅम होतें, आणि तितकें ओझें शरीराला बहुधा पेलत नाहीं. गांठ हाताला लागते, तेव्हां कथेचा तीनचतुर्थांश भाग संपलेला असतो. उरलेला एकचतुर्थांश तेवढा आपल्या हातीं असतो. तो लाजेंत, मुहूर्तांत आणि पाहुण्यांच्या गर्दींत घालविण्यासारखा नाहीं.

आणि वेळीं गेलें असतां उपाय आहेत. त्यांतील एक तर आपल्या अंगणांत फुलतो. सदाफुलीचें झाड मूळचें मादागास्कर बेटावरचें. १९५८ च्या सुमारास कॅनडांत व अमेरिकेंत त्याच्या पानांतून अशीं द्रव्यें निघालीं कीं, जीं पेशींतील चातीचे दोरे बनूंच देत नाहींत. दोरे नाहींत तर गाडी सुटत नाहीं. पेशी चौकीवर अडकून पडते आणि मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत हें औषध आजहि वापरतात. मात्र कोणीं घरीं सदाफुलीचा काढा करूं नये; तें झाड विषारी आहे, आणि औषधाची मात्रा मोजून द्यावी लागते. हीं औषधें घेतांना केस कां जातात, तोंड कां येतें, तेंहि आतां आपल्या ध्यानांत येईल. केसांचीं मुळें आणि तोंडाचें व आंतड्याचें अस्तर येथील भल्या पेशीहि झपाट्यानें विभागत असतात, आणि त्या नाहक मार खातात. औषध थांबलें म्हणजे केस बहुधा परत येतात. रोग्यापुढें आरसा लपवीत बसण्यापेक्षां हें त्याला आधींच समजावून सांगावें. याहून नेमका घाव घालणारीं औषधेंहि निघालीं आहेत. रक्ताच्या एका कर्करोगांत नववें आणि बाविसावें गुणसूत्र आपापल्या तुकड्यांची अदलाबदल करतात, हें जॅनेट राउली यांनीं १९७३ सालीं ओळखलें. त्या अदलाबदलींतून जन्मलेल्या प्रथिनालाच बांधून टाकणारी गोळी २००१ सालीं मान्य झाली. एके काळीं तीन-चार वर्षांत दगावणारे पुष्कळसे रोगी तिच्या आधारावर दीर्घकाळ संसार करीत आहेत.

पण उपायाहून प्रतिबंध बरा, हें आपण जाणतांच. तंबाखू ओढली काय, चघळली काय, किंवा मिश्री म्हणून हिरड्यांना लावली काय, ती सुताच्या अक्षरांवर घाव घालते, आणि वारंवार दुखावलेल्या जागीं पेशींना वारंवार विभागावयास लावते. डॉ. खानोलकरांनीं आपल्या देशांतील तोंडाच्या कर्करोगाचा या व्यसनाशीं असलेला संबंध फार पूर्वींच निदर्शनास आणला होता. पॅपिलोमा विषाणूवर तर लस आहे; पुण्यास तयार होणारी लसहि २०२३ सालीं उपलब्ध झाली. नऊ ते चौदा या वयांत मुलींना ती दिली असतां सर्वांत अधिक उपयोग होतो. आणि तपासणीला मोठें यंत्रच लागतें असें नाहीं. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें झोपडवस्त्यांतील दीड लक्ष स्त्रियांचा बारा वर्षें अभ्यास केला. त्यांत बेताच्या शिकलेल्या पण नीट तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं साध्या पातळ व्हिनेगरनें गर्भाशयाच्या मुखाची तपासणी केली. दोषी जागा पांढरी दिसते, इतकीच युक्ति. २०१३ सालीं निष्कर्ष जाहीर झाला कीं, तपासणी झालेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नें घटले.

श्रोतेहो, बोलण्याच्या ओघांत पुष्कळ नांवें आणि सालें आलीं. तीं विसरलांत तरी चालेल. हा रोग स्पर्शानें होत नाहीं, तो कोणाच्या पापाचें फळ नाहीं, आणि त्यामुळें घराण्याला बट्टा लागत नाहीं, एवढें ध्यानांत असूं द्या. लक्षावधि कोटि पेशींमध्यें एखादी थांबावयाचें विसरली, इतकाच त्याचा अर्थ. पुढच्या वेळीं विळी बोटाला लागेल आणि जखम भरून येईल, तेव्हां त्या गुमान थांबलेल्या पेशींची आठवण करा. आणि घरांतील कोणा बाईच्या मनांत कांहीं सांगावें कीं सांगूं नये असें चाललें असेल, तर तिला आजच विचारा. लग्नाचा मुहूर्त पुढचाहि निघतो.